माझा घटस्फोट झालाय की नाही?

वाचकाचं पत्र

ताई, माझं लग्न २०१२ मध्ये कराडला झालं. सासर पुण्यात. २०१८ च्या दिवाळीनंतर मी मुलीला घेऊन माहेरी आले ती परत गेले नाही. पुढच्या वर्षी दोन्हीकडची चार माणसं बसली आणि शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहून झाली. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का. मला वाटलं, विषय संपला. गेल्या आठवड्यात कळलं की त्यांनी दुसरं लग्न केलंय. फोन केला तर म्हणाले, “मी कोर्टातून एकतर्फी घटस्फोट घेतलाय, तुला नोटीस पाठवली होती.” मला कसलीही नोटीस आलेली नाही. कागद मागितला तर फोन कट केला. मुलगी दहा वर्षांची आहे. मी एका दुकानात हिशेब लिहिते. माझा घटस्फोट झालाय का, हे मला कुठं कळेल? झाला नसेल तर कसा घ्यायचा? वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर

तुमच्या पत्रात दोन कागद आहेत. एक तुमच्या कपाटात आहे. दुसरा, असलाच तर, एखाद्या कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये आहे. तुमचं पुढचं सगळं त्या दुसऱ्या कागदावर ठरणार आहे, आणि सध्या तुम्ही त्याची चौकशी अशा माणसाकडे करताय ज्याचा तो न दाखवण्यातच फायदा आहे. तेव्हा त्यांना फोन करणं आधी थांबवा. कोर्टाचा कागद कोर्टातच बघायचा.

मी वकील नाही. अठ्ठावीस वर्षं कोर्टात नोकरी केली, त्यातली नऊ नक्कल विभागाच्या, म्हणजे कोर्टाच्या कागदांच्या सही-शिक्क्याच्या प्रती देणाऱ्या विभागाच्या, खिडकीमागं. त्यामुळे युक्तिवाद कसा करायचा हे मला विचारू नका, पण कागद कुठं असतो आणि तो कसा हातात पडतो हे मी सांगू शकते.

कपाटातल्या कागदापासून सुरुवात करते. तो घटस्फोट नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे (तो बौद्ध, जैन आणि शीख लग्नांनाही लागू होतो; पुढं कायद्याचं नाव न घेता ‘कलम’ म्हटलं की ते याच कायद्याचं). त्याखाली झालेलं लग्न कोर्टाच्या आदेशानं, म्हणजे हुकूमनाम्यानंच मोडतं. जातीतली काडीमोडीची रूढी कलम २९ नं राखून ठेवली आहे, हे खरं. पण अशी रूढी खरोखर पूर्वापार आणि अखंड चालत आलेली आहे हे ज्याला सांगायचंय त्यानंच कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि ते सोपं नसतं. चार माणसं बसली, चहा झाला, स्टॅम्प लिहिला, एवढ्यानं रूढी होत नाही. नोटरीच्या शिक्क्याचा अर्थ इतकाच की सही करणारा माणूस त्यांच्यासमोर आला होता. लग्न मोडायचा अधिकार नोटरीला नाही.

खिडकीवर एक बाई आल्या होत्या. सोडचिठ्ठीचा स्टॅम्प पेपर त्यांनी लॅमिनेशन करून आणला होता, कडा पिवळ्या पडलेल्या. त्या म्हणाल्या, “याची सही-शिक्क्याची नक्कल द्या, मुलाकडचे मागतायत.” दुसरं लग्न ठरलं होतं, हॉल बुक होता. मी केस नंबर विचारला तर त्यांनी स्टॅम्प पेपरवरचा छापील अनुक्रमांक वाचून दाखवला. नऊ वर्षं त्या स्वतःला घटस्फोटित समजत होत्या. त्यांना ते सांगताना माझी जीभ उचलत नव्हती, हे आजही आठवतं.

तरी तुमचा तो कागद फाडू नका, लॅमिनेशनही करू नका. घटस्फोट म्हणून तो कुचकामी असला तरी तुम्ही २०१९ पासून, दोघांच्याही सहीनं, वेगळे राहताय याचा तो चांगला पुरावा आहे. तो कुठं लागेल ते पुढं येईल.

आता शोधायचं कुठं? नवऱ्यानं खरंच अर्ज केला असेल तर तो कुठल्याही कोर्टात करता येत नाही. लग्न जिथं झालं, दोघं शेवटी एकत्र जिथं राहिलात, किंवा अर्ज करताना तुम्ही जिथं राहत होता, तिथलंच कोर्ट. म्हणजे तुमच्या बाबतीत पुणे, कराड आणि तुमच्या माहेरच्या भागाचं कोर्ट. पुणं सगळ्यात संभवनीय. तिथं १९८९ पासून कौटुंबिक न्यायालय आहे, आता शिवाजीनगरला. पण सासरचं घर कौटुंबिक न्यायालयाच्या हद्दीबाहेर येत असेल, तर अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे गेलेला असू शकतो. कराडला आणि इतर ठिकाणीही हाच नियम: कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथं, नसेल तर वरिष्ठ स्तराकडे. पुण्यात एका इमारतीत “नाही” म्हणाले म्हणून परत फिरू नका, दोन्हीकडे विचारा.

प्रवासाआधी मोबाईलवर एक संध्याकाळ घालवा. ई-कोर्ट्सची सरकारी वेबसाइट आणि ॲप आहे, पैसे लागत नाहीत. राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडायचं, मग पक्षकाराच्या नावानं शोधायचं. वर्ष एकेक करून टाका, २०१८ पासून आजपर्यंत, आणि ‘प्रलंबित’ व ‘निकाली’ दोन्ही बघा. नव्वद टक्के लोक इथं स्पेलिंगवर अडकतात (हा टक्का माझ्या खिडकीवरचा आहे, कुठल्या पाहणीतला नाही). नाव इंग्रजीत टाइप झालेलं असतं आणि टाइप करणाऱ्यानं ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं. आडनावात एक ‘ए’ जास्त, एक ‘एच’ कमी. म्हणून पूर्ण नाव टाकू नका. त्यांच्या नावाची पहिली चार-पाच अक्षरं टाका, मग तुमच्या लग्नानंतरच्या नावाची, मग माहेरच्या. सापडलं तर सोळा अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक), केस नंबर आणि निकालाची तारीख वहीत लिहून घ्या. कौटुंबिक न्यायालयात दोघांपैकी एकानंच केलेला घटस्फोटाचा अर्ज ‘पी.ए.’ म्हणजे ए पिटिशन असतो, संमतीचा ‘पी.एफ.’ आणि पोटगीचा ‘पी.ई.’. दिवाणी कोर्टात हिंदू विवाह याचिका, ज्याला सगळे एच.एम.पी. म्हणतात.

वेबसाइटवर सापडलं नाही म्हणजे केस नाही, असं मात्र धरू नका. नवरा-बायकोच्या प्रकरणांत नावं आणि निकालपत्रं बऱ्याचदा लोकांना दिसतील अशी ठेवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. कलम २२ प्रमाणे ही प्रकरणं बंद दाराआड चालतात, त्यातलं काही छापायलाही मनाई आहे. म्हणून शेवटी जावं लागतं ते कोर्टातच.

तिथं स्वतः जा. पुण्यातल्या मामेभावाला पाठवू नका. तुम्ही प्रकरणातल्या पक्षकार, त्यामुळे नकलेवर तुमचा हक्क आहे. तो तिऱ्हाईत, त्याला प्रतिज्ञापत्र घाला, कारण सांगा, कोर्टाची परवानगी आणा असं सगळं करावं लागेल. सोबत आधार कार्ड, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका आणि नाव बदललं असेल तर त्याचा कागद. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकण्याचा सल्ला कोणी देईल, त्यात वेळ घालवू नका. न्यायालयीन कागदांच्या नकला न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनीच मागायच्या, हे सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.

खिडकीवर अर्जाचा नमुना मिळतो. त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, केस नंबर, वर्ष, दोघांची नावं, निकालाची तारीख लिहायची. मग येतो तो रकाना जिथं ‘कोणकोणत्या कागदांच्या नकला हव्यात’ असं विचारलेलं असतं. इथं बहुतेक जण फक्त ‘निकाल’ लिहितात आणि महिन्याभरानं परत येतात. तुम्ही नीट लिहा: मूळ याचिका, याचिकेसोबतचं प्रतिज्ञापत्र, समन्स आणि त्यावरचा बेलीफचा (समन्स पोचवणाऱ्या कोर्टाच्या माणसाचा) अहवाल, पोस्टाची परत आलेली पाकिटं किंवा पोचपावती, वर्तमानपत्रात नोटीस दिली असल्यास तिचं कात्रण आणि त्यासाठीचा अर्ज, पूर्ण रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद), निकालपत्र, हुकूमनामा. निकालपत्र आणि हुकूमनामा वेगळे असतात. निकालपत्रात न्यायाधीशांनी कारणं दिलेली असतात. हुकूमनामा म्हणजे त्यातून निघालेला आदेश, सहसा पान-दोन पानांचा, आणि लग्न नोंदवणारा निबंधक मागतो तो हाच. आणखी एक गोष्ट फार थोड्या जणांना ठाऊक असते. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की त्याची एक प्रत दोन्ही पक्षांना मोफत द्यायची, असं कलम २३ मध्येच आहे. नवऱ्याकडे खरा हुकूमनामा असेल तर त्याची प्रत त्यांच्या घरात असणारच. फोन कट करण्याऐवजी व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकला असता तर तुमचा निम्मा प्रश्न मिटला असता. त्यांनी तो टाकला नाही, याचा अर्थ मी आत्ताच काढत नाही, पण नोंद घेतली आहे.

बेलीफचा अहवाल मागा असं मी म्हणाले, त्याचं कारण. एकतर्फी, म्हणजे एक बाजू गैरहजर असताना झालेल्या, निकालात सगळा जीव त्या एका पानात असतो. बेलीफ कोणत्या पत्त्यावर गेला, किती तारखेला, कोण भेटलं, कोणी सही केली. पत्ता तुमच्या माहेरचा आहे की सासरचाच टाकलाय? सासरच्या पत्त्यावर समन्स गेलं आणि सासूबाईंनी ‘सून घरात नाही’ सांगितलं, तर तुम्हाला कळणार कसं? एका अहवालावर मी बाईंच्या डाव्या हाताचा अंगठा पाहिलाय, आणि त्या बाई शाळेत शिक्षिका होत्या. नकलेवर बोट ठेवून त्या कितीतरी वेळ नुसत्या बसून राहिल्या. पोस्टाच्या पाकिटावरचा शेराही वाचा. ‘घेण्यास नकार’ आणि ‘पत्त्यावर राहत नाही’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नकलेला दिवस लागतात. जुनं प्रकरण असेल तर रेकॉर्ड रूममधून बस्ता निघायलाच वेळ जातो. घाई असेल तर आधी पाहणीचा अर्ज द्या. फाइल समोर बसून वाचता येते, वहीत टिपता येते. आणि घाई तुम्हाला आहे.

ती का, ते सांगते. समजा हुकूमनामा निघाला. समन्स रीतसर पोचलं नव्हतं असं दाखवता आलं, तर एकतर्फी निकाल रद्द करून घेण्याचा अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम १३ खाली त्याच कोर्टात करता येतो. त्याला मुदत ३० दिवस. समन्स पोचलंच नसेल तर हे दिवस निकालाच्या तारखेपासून धरत नाहीत, तुम्हाला निकालाची माहिती झाली तेव्हापासून धरतात. वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीला मुदतीच्या कायद्यात यासाठी ‘रीतसर बजावणी’ मानलेलं नाही, हेही तुमच्या बाजूचं. पण समोरचा वकील म्हणणार की फोनवर सांगितलं त्याच दिवशी तुम्हाला माहिती झाली. म्हणून त्या फोनची तारीख वहीत लिहा, कॉलच्या यादीचा स्क्रीनशॉट ठेवा आणि तीस दिवस तिथूनच मोजायला लागा. उशीर झालाच तर तो माफ करण्याचा अर्ज असतो, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

आता माझं मत, पटलं तर घ्या. हुकूमनामा खरा निघाला तरी तो रद्द करायला धावण्याआधी एक दिवस थांबून निकालपत्र वाचा. तुम्हाला या माणसाबरोबर राहायचं नाहीये. घटस्फोट तर तुम्हालाही हवाच आहे. रद्द करून घेतलात तर तुम्ही पुन्हा त्यांची कायदेशीर बायको होणार, आणि तेच प्रकरण पहिल्यापासून लढणार. निकालपत्रात तुमच्या चारित्र्यावर काही लिहिलं असेल, किंवा मुलीचा ताबा नाहीतर पैशांबद्दल तुमच्याविरुद्ध आदेश असेल, तर जरूर लढा. नसेल, तर घटस्फोट राहू द्या आणि राहिलेलं मागा. कलम २५ प्रमाणे कायमची पोटगी हुकूमनामा होताना किंवा त्यानंतर कधीही मागता येते. घटस्फोटित बाईनं दुसरं लग्न केलेलं नसेल तर तिला पोटगीचा वेगळा अर्जही करता येतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली. मुलीच्या पोटगीचा तर घटस्फोटाशी संबंधच नाही, तो तिचा स्वतःचा हक्क आहे. सोडचिठ्ठीच्या स्टॅम्प पेपरवर ‘यापुढे काही मागणार नाही’ असं तुमच्याकडून लिहून घेतलंय का, बघा. बहुतेक घेतलेलं असतं. त्यानं मुलीचा हक्क जात नाही.

दोन तारखा मात्र शेजारी शेजारी लिहून ठेवा: हुकूमनाम्याची आणि त्यांच्या दुसऱ्या लग्नाची. अपिलाची मुदत संपल्याशिवाय दुसरं लग्न करता येत नाही, आणि ती मुदत मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं २०१६ मध्ये ९० दिवसांची धरली आहे. तारखा जुळत नसतील तर वकिलांना ते पहिल्याच भेटीत सांगा.

प्रकरण अजून चालूच आहे असं निघालं, तर पुढच्या तारखेला हजर व्हायचं, वकीलपत्र दाखल करायचं, कैफियत (तुमचं लेखी उत्तर) द्यायची आणि त्याच दिवशी कलम २४ चा अर्ज टाकायचा. केस चालेपर्यंतची पोटगी आणि कोर्टाचा खर्च त्यातून मिळतो.

आणि काहीच नाही निघालं तर? तिन्ही ठिकाणी नोंद नाही, म्हणजे ते फोनवर खोटं बोलले. मग तुमचं लग्न आजही कायम आहे, आणि त्यांचं दुसरं कायद्यानं शून्य. पहिली बायको हयात असताना दुसरं लग्न करणं गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८२, आधी भारतीय दंड संहितेचं ४९४. शिक्षा सात वर्षांपर्यंत. पण इथं एक खाच आहे. ते दोघं एकत्र राहतात एवढं दाखवून भागत नाही, लग्न विधिपूर्वक लागलं हे सिद्ध करावं लागतं. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६५ साली हे ठरवून टाकलंय. तेव्हा पत्रिका, फोटो, नोंदणीचा दाखला, जे मिळेल ते शांतपणे जमवा. फिर्याद करायची की नाही हे नंतर ठरवा. तिची धमकी देऊन मध्यस्थामार्फत पैसे मागायच्या फंदात तर अजिबात पडू नका. उद्या तुमच्याच नावानं खंडणीची तक्रार होते, असं मी पाहिलंय.

घटस्फोटासाठी तुमच्यापुढं दोन वाटा आहेत. दोघांची संमती असेल तर कलम १३ ब. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, ते तुम्ही कधीच ओलांडलं, आणि आता कपाटातला तो स्टॅम्प पेपर बाहेर काढायचा. अर्ज दाखल केल्यावर कायद्यानं सहा महिने थांबायचं असतं. पण सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं की हा काळ सक्तीचा नाही. दीड वर्षाहून जास्त वेगळं राहून झालंय, समेटाचा प्रयत्न फसलाय, पोटगी आणि मुलांचं ठरलंय, तर कोर्ट तो माफ करू शकतं. त्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो, आपोआप होत नाही. तुमचा नवरा या वाटेला येण्याची शक्यता बरी आहे. दुसरं लग्न करून बसलेल्या माणसाला हुकूमनामा तुमच्यापेक्षा जास्त हवा असतो. मात्र संमतीच्या अटी लिहिताना सोन्याचे दागिने वजनासकट, भांडी, ठेव पावती, मुलीच्या शिक्षणाचा आणि लग्नाचा खर्च, तिला भेटायचे दिवस, सगळं लिहा. रक्कम दुसऱ्या तारखेच्या आधी डिमांड ड्राफ्टनं कोर्टात जमा, असं लिहा. ‘नंतर देतो’ याची वसुली काढण्यात बायकांची वर्षं गेलेली मी बघितली आहेत.

संमती नसेल तर कलम १३ खाली तुमचा एकटीचा अर्ज. क्रूरता, सलग किमान दोन वर्षं टाकून देणं, लग्नाबाहेरचा शरीरसंबंध, यांतलं तुमच्या हकिकतीला लागू पडेल ते वकील निवडतील. यासाठी पुण्याला खेपा घालायची गरज नाही. बायको अर्जदार असेल तर ती राहते तिथल्या कोर्टात अर्ज करू शकते, २००३ सालच्या दुरुस्तीपासून. वर्षं लागू शकतात, हे खोटं सांगत नाही. कायद्यात सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असं लिहिलेलं आहे, कोर्टाचा बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) बघितला की त्या ओळीचं काय होतं ते कळतं.

अर्जासोबत लग्नाचा पुरावा, दोघांच्या पत्त्यांचे पुरावे, फोटो आणि मुलीचा जन्मदाखला लागतो. पोटगी मागणार असाल तर उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं सविस्तर प्रतिज्ञापत्र दोघांनाही द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२० मध्ये ते बंधनकारक केलंय. तुम्ही हिशेब लिहिता, तुम्हाला ते जड जाणार नाही. आपला पगार लपवू नका, आणि त्यांची गाडी, फ्लॅट, दुकान यांचं जे माहीत आहे ते आधीच टिपून ठेवा.

कौटुंबिक न्यायालयात गेलात तर पहिल्यांदा समुपदेशकाकडे पाठवतील. तिथं ‘जमवून घ्या’ ऐकायला लागेल म्हणून बायका घाबरतात. समेटाचा प्रयत्न करणं कोर्टाला कायद्यानं लावून दिलेलं काम आहे, ते तुमच्यावर लादता येत नाही. तिथं बोललेलं गोपनीय राहतं, साक्षीत येत नाही. मुलीच्या भेटीचे दिवस, शाळेची फी असल्या गोष्टी न्यायाधीशांसमोरच्या दहा मिनिटांपेक्षा त्या खोलीत नीट ठरतात.

पैशांचं शेवटी ठेवलं, कारण तुमची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण. साधा अर्ज आणि ओळखपत्र, बस्स. १५१०० वर फोन करूनही विचारता येतं. नेमून दिलेल्या वकिलांनी पैसे मागितले तर तिथंच लेखी तक्रार करा. कोर्ट फीही नाही: घटस्फोट, पोटगी, लग्नसंबंधातून आलेले मालमत्तेचे वाद आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत स्त्रियांना महाराष्ट्र सरकारनं १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेनं ती माफ केली आहे. एखादा कारकून विसरला तर तारीख सांगा, त्याला आठवेल. नकलेचे पैसे मात्र वेगळे, पानांवर.

या आठवड्यात एवढंच करा: मोबाईलवर शोध, तालुका समितीत मोफत वकिलाचा अर्ज, आणि जो नंबर सापडेल त्यावर नकलेचा अर्ज. सापडला नाही तर वकिलांना सोबत घेऊन पुण्यात दोन्ही ठिकाणी निकाली प्रकरणांचं रजिस्टर बघायला सांगा. अर्ज दिल्याची पावती जपा, तिच्याशिवाय खिडकीवर कोणी ओळख देत नाही. नक्कल हातात आली की शेवटचं पान उलटून बघा. मागं एक शिक्का असतो: अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, दिल्याची तारीख. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळायला लागलेले दिवस वगळतात, ते याच शिक्क्यावरून. शाई पुसट असते, खिडकी सोडायच्या आधी तिन्ही तारखा वाचता येतात का ते बघून घ्या, नाहीतर दुसरा शिक्का मारून मागा.